'बोर' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, काय चाललंय?" मी म्हटलं, "बोर चाललाय." तो म्हणाला, "मग या ना इकडे चार दिवस, जरा बदल होईल." माझ्या मागे शेतात बोअरवेलच्या गाडीचा कॉम्प्रेसर धडधडत होता, डोळ्यांत आणि तोंडात खडकाची भुकटी गेली होती, आणि हा मला हवापालटाला बोलावत होता!

मी अमळनेर तालुक्यात राहतो. सकाळी शेत असतं, संध्याकाळी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. त्यामुळे शेतातला बोर आणि वर्गातला बोर, दोघांशी रोजचा संबंध. मुलं, त्यांचे पालक, पारावरचे जिभाऊ या शब्दाबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न मुलांचे आहेत, काही मोठ्यांचे, आणि एक गॅरेजवाल्याचा आहे.

'बोर' हा इंग्रजीतला एकच शब्द आहे की अनेक?

लिहायला एक, असायला चार. पहिला म्हणजे भोक पाडणे, आरपार पोखरणे. दुसरा, कंटाळा आणणे. तिसरा, समुद्राच्या भरतीची नदीत उलटी घुसणारी लाट. चौथा म्हणजे 'बेअर' या क्रियापदाचा भूतकाळ: वाहिलं, सोसलं, जन्म दिला. या चौघांचं स्पेलिंग अगदी तेच. शिवाय स्पेलिंग वेगळं पण आपल्या कानाला सारखेच वाटणारे आणखी तीन-चार आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

आमच्या गावात चार भाऊसाहेब पाटील आहेत. पोस्टमन नवीन आला की पहिले दोन महिने पत्रांची अदलाबदल होते. मग तो शहाणा होतो आणि विचारतो, "कोणाचा भाऊसाहेब?" शब्दांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायचा. नाव सारखं असलं म्हणून भाऊबंदकी निघतेच असं नाही.

शेतातला बोर कुठून आला?

हा फार जुना. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बोरिअन' असं क्रियापद होतं, अर्थ भोक पाडणे. लाकडात सामता फिरवायचा तो हा बोर. लॅटिनमध्ये त्याचा चुलतभाऊ 'फोरारे'. त्याच्यातून इंग्रजीत 'परफोरेट' आला. वहीचं पान फाडता यावं म्हणून बारीक भोकांची ओळ असते ना, ते परफोरेशन.

इंग्रजी 'ब' आणि लॅटिन 'फ' एकाच घरचे कसे, असं मुलं विचारतात. हा नियम आहे, योगायोग नाही. संस्कृतात जिथे 'भ' असतो तिथे इंग्रजीत 'ब' आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ' सापडतो. संस्कृत भ्राता, इंग्रजी ब्रदर, लॅटिन फ्रातेर. आपला 'भाऊ' त्या भ्रात्याचाच. हा नियम एकदा डोक्यात बसला की निम्मी कोडी आपोआप सुटतात, आणि निम्म्या थापाही ओळखू येतात. उदाहरणार्थ, 'बोर हा शब्द आपल्या भोक वरूनच इंग्रजांनी उचलला' असं छातीठोकपणे सांगणारे दोन तरी गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. इंग्रज हिंदुस्थानात पोचण्याच्या कितीतरी शतकं आधी हा शब्द त्यांच्या भाषेत होता, एवढं सांगून मी चहा मागवतो.

एक गंमत अशी की 'बोअरवेल' हा शब्द मुख्यतः आपल्याकडचा, हिंदुस्थानी इंग्रजीतला आहे. ब्रिटनमधला माणूस 'बोअरहोल' म्हणतो. आपण बोअरवेल केलं, मग त्यातली 'वेल' टाकून दिली, कारण विहीर आपल्याकडे आधीपासून होतीच; वेगळं नाव हवं होतं ते फक्त भोकाला.

'आडवा बोर' हा काय प्रकार आहे? इंग्रजीत असं म्हणतात का?

म्हणतात, पण त्यांना हा शब्द आपल्याइतका जिव्हाळ्याचा नाही. जुनी विहीर आटली की तिच्या तळाशी उतरून कडेच्या खडकात आडवी भोकं पाडतात, म्हणजे बाजूचा झरा सापडला तर विहिरीत येतो. तो आडवा बोर. विहिरीच्या तळातून खाली घेतला तर उभा बोर. आणि विहीर नसताना सरळ जमिनीतून घेतला तर नुसता बोर.

खानदेशात 'बोर' या शब्दाचा अर्थ तापीच्या कोणत्या अंगाला तुम्ही राहता त्यावर थोडा बदलतो, असं माझं मत आहे. दक्षिणेला पारोळा, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात खाली काळा खडक, बेसाल्ट. त्यात पाणी भेगांमध्ये असतं. भेग लागली तर लागली, नाहीतर दोन हात बाजूला पाणी आणि तुमचं भोक कोरडं. म्हणून इकडे बोर म्हणजे नशिबाचा खेळ. उत्तरेला चोपडा, यावल, रावेर इथे सातपुड्यातून वाहून आलेला गाळ, वाळू, गोटे यांचे जाड थर आहेत. तिथे भोक पाडणं अवघड नाही, ते उभं राहणं अवघड. माती ढासळते, म्हणून खोलवर केसिंग पाइप घालावा लागतो. त्या गाळात पाणी भरपूर होतं आणि त्याच पाण्यावर केळीचा पट्टा उभा राहिला. उपसाही तसाच झाला. पातळी खाली गेली, बोरही तिच्या मागे खाली गेले. तिकडे बोर म्हणजे पाठलाग.

क्रियापदं ऐका. बोर 'घेतात', 'मारतात', 'पाडतात'. पाणी आलं तर बोर 'लागला'. नाही आलं तर 'कोरडा गेला' किंवा 'फेल गेला'. आधी पाणाड्या येतो, हातावर नारळ आडवा धरून नाहीतर कडुनिंबाची दुबेळकी घेऊन शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची खूण करायची. माझा यावर विश्वास नाही. तरी माझे पहिले दोन बोर मी त्याच्याच खुणेवर घेतले आणि दोन्ही कोरडे गेले. तिसऱ्या वेळी घरातल्यांचा आग्रह होता म्हणून पुन्हा त्यालाच बोलावलं.

बोर किती खोल घ्यायचा, याला काही नियम आहे का?

हा भाषेचा प्रश्न नाही, पण लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीची विहीर म्हणजे 'खोल विहीर', आणि शेती वा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे साधारण २०० फूट. चारशे-पाचशे फुटांच्या गप्पा पारावर किती ऐकू येतात ते तुम्हाला माहीत आहे. आणि कोरडा गेलेला बोर उघडा ठेवू नका. त्यावर घट्ट झाकण बसवा किंवा तो तळापासून बुजवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यावर स्पष्ट निर्देश दिले आहेत, आणि ते लहान मुलं पडून मेल्यानंतर दिले आहेत.

'मला बोर झालं' मधला बोर त्याच भोकातून निघाला का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

कंटाळ्याच्या अर्थाने 'बोर' इंग्रजीत अचानक उगवतो, १७६० च्या दशकात. १७६८ मधल्या एका खाजगी पत्रात एक तरुण इंग्रज उमराव आपल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मित्रांबद्दल हळहळतो: त्या बिचाऱ्यांना आता हे फ्रेंच पाहुणे 'बोर' करणार. म्हणजे शब्द जन्माला आला तो शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या तोंडी नाही, तर ज्यांना दिवसभर काही काम नव्हतं अशा बड्या लोकांच्या गप्पांत. एका अर्थाने तो आजच्या कॉलेजकट्ट्यावरच्या शब्दांसारखाच होता.

त्याआधी तो कुठे होता? मोठे कोश याची व्युत्पत्ती अनिश्चित मानतात. दोन तर्क चालतात. एक, भोक पाडण्यावरून: माणूस तेच तेच बोलून समोरच्याच्या डोक्यात गिरमिट फिरवतो. दुसरा, फ्रेंच 'बूर' वरून, म्हणजे गादीत भरायचा भुसा-कापूस. त्या पत्रातला फ्रेंचांचा उल्लेख पाहून काहींना हा तर्क पटतो.

मला पहिला तर्क आवडतो. ज्याने सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत गाडीच्या बाजूला उभं राहून तोच एक आवाज ऐकला आहे, दर वीस फुटांवर नवीन रॉड जोडताना पाहिला आहे आणि वर फक्त कोरडी भुकटीच येताना पाहिली आहे, त्याला या दोन अर्थांमध्ये फार अंतर वाटणार नाही. पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. ज्या गोष्टी ऐकताक्षणी पटतात त्यांच्याकडेच शब्दांच्या बाबतीत जास्त संशयाने पाहावं, हे मी बऱ्याच फजित्यांनंतर शिकलो.

त्याआधी लोकांना कंटाळा येत नव्हता का?

येत होता, नाव वेगळं होतं. जर्मन लोक कंटाळ्याला 'लांगेवाइले' म्हणतात, शब्दशः 'लांब वेळ'. वेळ लांबतो तो कंटाळा. याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही. आपल्याकडे कंटाळा आहेच. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, जळगावचं जयगाव होतं, केळीची केयी होते, तसा कंटाळ्याचा कटाया होतो. "माले कटाया ऊना" असं आजी म्हणायची तेव्हा त्यात थकवाही असायचा. नातू "बोर झालं" म्हणतो तेव्हा थकवा कुठेच नसतो, उलट काहीच केलेलं नसतं. म्हणून या दोन शब्दांची अदलाबदल पूर्ण होत नाही, आणि 'बोर' ला हाकलून 'कंटाळा' बसवा असा हट्ट मी वर्गात धरत नाही.

'आय ॲम बोरिंग' म्हटलं तर काय चुकतं?

खूप चुकतं. त्याचा अर्थ 'मी रटाळ माणूस आहे' असा होतो. मुलाखतीत एका मुलाने हे म्हटलं आणि समोरचे हसले, तेव्हापासून तो दरवर्षी नव्या बॅचला हा किस्सा स्वतःच सांगायला येतो. आपल्याला कंटाळा आला असेल तर 'आय ॲम बोर्ड'. सिनेमा कंटाळवाणा असेल तर 'द फिल्म इज बोरिंग'.

ही चूक होते कारण मराठीत 'बोर' नुसता ठेवून सगळं भागतं. पिक्चर बोर आहे, तो माणूस बोर आहे, मी बोर झालो, मला बोर करू नको. शब्दाला एकही प्रत्यय लागत नाही. इंग्रजीत मात्र कंटाळा देणारा आणि घेणारा यांची रूपं वेगळी ठेवावी लागतात. लक्षात ठेवायची खूण अशी: वेल्डिंगच्या दुकानाबाहेर 'येथे बोरिंग करून मिळेल' अशी पाटी असते. तिथे भोक पाडून देतात, त्यांना भोक पडलेलं नसतं. करणारा तो बोरिंग, सोसणारा तो बोर्ड.

खायचं बोर आणि इंग्रजी बोर यांचा काही संबंध?

काडीचाही नाही.

संस्कृत 'बदर' पासून प्राकृतात 'बोर' झालं. ही घडण इतकी वाकडी आहे की बाराव्या शतकात हेमचंद्राला आपल्या प्राकृत व्याकरणात तिच्यासाठी खास सूत्र करावं लागलं. त्याच सूत्रात त्याने 'पूगफल' हा शब्दही बसवला आहे, ज्याचं पुढे आपलं पोफळ झालं. म्हणजे सुपारी आणि बोर एकाच नियमाने मराठीत उतरले. हिंदीत त्याच बदरीचं बेर झालं. गुजरातीत आपल्यासारखंच बोर. बद्रीनाथातली बदरी हीच. हिमालयातला तो देव आणि आमच्या बांधावरची काटेरी बोर यांचं नाव एकाच मुळाचं आहे, हे सांगितल्यावर आमच्या वडिलांनी ती तोडायचा विचार सोडून दिला होता.

खानदेशात बोराचा विषय निघाला की जळगावच्या मेहरूणचं नाव आलंच पाहिजे. आता शहराचाच भाग झालेलं मेहरूण तिथल्या तलावामुळे ओळखलं जातं, पण बोरांच्या जातींच्या यादीत उमराण, कडाका यांच्या बरोबरीने 'मेहरूण' हे नाव आहे. उमराणच्या मानाने फळ लहान, पण गोडीला तोड नाही. संक्रांतीनंतर लहान मुलांचं बोरनहाण होतं तेव्हा डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. मुलं खाली पडलेलं उचलण्यात दंग, रडायचंही विसरतात. बोर होण्याचा तिथे प्रश्नच नाही.

आणि अमळनेरला वळसा घालून तापीकडे जाणारी आमची नदी तर नावानेच बोरी. बोरीच्या काठावर बोरीचं झाड, त्याच्या शेजारी बोर: हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि इंग्रजीत करायला सांगतो. ज्याला जमलं त्याला त्या दिवशी गृहपाठ माफ.

मग मराठीत एवढे 'बोर' असताना गोंधळ कसा होत नाही?

भाच्याच्या फोनसारखा कधीतरी होतो. एरवी होत नाही, कारण आपण त्यांना लिंग वाटून दिलं आहे. हे कोणी ठरवलं नाही, बोलता बोलता झालं.

शेतातला तो बोर: "बोर लागला." फळ ते बोर: "एक बोर लागलं, तेही किडकं." झाड ती बोर: "यंदा बोर चांगली लागली." क्रियापद तेच, 'लागणे'; फक्त शेवटचा स्वर बदलतो आणि ऐकणाऱ्याला पाणी, फळ आणि झाड वेगवेगळं कळतं. काही भागांत शेतातल्या बोरलाही 'ते' म्हणतात, 'बोरवेल' म्हटलं तर ती होते, पण आमच्याकडे पुल्लिंगच जास्त. कंटाळ्याच्या बोरला मात्र लिंगच नाही. तो बोर मुलगा, ती बोर मुलगी, ते बोर पुस्तक. विशेषण म्हणून आला आणि तसाच राहिला, पाहुण्यासारखा. घरच्या रीतीभाती त्याला लागू नाहीत.

'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' अशी म्हण आहे. इथे गाव एक, पण बोरी मात्र दूरदूरच्या.

'शी बोअर द पेन' म्हणजे तिने पेन बोर केला का?

नाही. 'तिने वेदना सोसल्या.' हा चौथा बोर: 'बेअर' म्हणजे वाहणे, सोसणे, जन्म देणे, त्याचा भूतकाळ 'बोअर', पुढे 'बॉर्न'. 'आय वॉज बॉर्न इन धुळे' मधला बॉर्न याच घरचा.

आणि इथे मात्र आपलं नातं लागतं. वरचा नियम आठवा: इंग्रजी 'ब', लॅटिन 'फ', संस्कृत 'भ'. इंग्रजी बेअर, लॅटिन फेरो, संस्कृत भरामि. धातू 'भृ'. त्यापासून भार, भरण-पोषण आणि भर्ता. कोणाचे आभार मानताना आपण त्याचा भारच मान्य करतो. सगळ्या बोरांमध्ये आपला खरा भाऊबंद हा एवढाच, आणि मुलांना तोच परका वाटतो, कारण तो फक्त परीक्षेत भेटतो. अस्वलाला 'बेअर' म्हणतात तो शब्द निराळा. त्याला या नात्यात ओढू नका.

'बारा बोरची बंदूक' मध्ये बारा कशाचे?

बारा इंच नव्हे, बारा मिलिमीटरही नव्हे. इथे बोर म्हणजे नळीचं भोक. जुन्या काळी ते मोजायची पद्धत अशी: एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या, त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोरची. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्यामुळे एक गोळी साधारण ३८ ग्रॅमची आणि भोकाचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. एका पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की भोक लहान.

हे उलटं गणित ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, पण खानदेशच्या जुन्या गिरणी कामगाराला ते समजावून सांगावं लागत नाही. सुताचा नंबर असाच चालतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो त्याचा नंबर. चाळीस नंबरचं सूत वीस नंबरपेक्षा बारीक. अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या गिरण्यांत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्यापैकी एका बाबांना मी बारा बोरचा अर्थ विचारला. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नव्हती, तरी त्यांनी अर्ध्या मिनिटात बरोबर ओळखलं.

गाडी 'बोर करायला टाकली' म्हणजे?

हा गॅरेजवाल्याचा प्रश्न. त्याला करता येतं, पण शब्द कुठून आला ते हवं होतं. शब्द पहिलाच, भोक पाडण्याचा. इंजिनात पिस्टन ज्या गोल नळीत वरखाली होतो तिचा व्यास म्हणजे बोर, आणि पिस्टन जितका सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. स्प्लेंडरचा बोर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५, गुणाकार करून पाहा, ९७.२ सीसी येतात. जुन्या ३५० बुलेटचा बोर ७० आणि स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. तिचा तो सावकाश ठोका त्या लांब स्ट्रोकचा.

नळी झिजली की ऑइल जळतं, निळा धूर निघतो. मग नळी आतून थोडी कापून पुन्हा गोल करतात आणि किंचित मोठा पिस्टन टाकतात. अर्ध्या मिलिमीटरने बोर वाढवला तर स्प्लेंडर ९९.१ सीसीची होते. दोन सीसी फुकट मिळाले म्हणून खूश होऊ नका.

बोअर शेळीचं काय? ती बोर करते म्हणून?

बाजारात पांढऱ्या अंगाची, तपकिरी डोक्याची, लोंबत्या कानांची धिप्पाड शेळी दिसते ती. ही मांसासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली जात. डच भाषेत 'बूर' म्हणजे शेतकरी. आफ्रिकेत जाऊन राहिलेल्या डच शेतकऱ्यांना तेच नाव पडलं आणि त्यांच्या शेळीलाही. इंग्रजांनी त्याचा उच्चार 'बोअर' केला. १८९९ ते १९०२ मधलं बोअर युद्ध ते याच शेतकऱ्यांशी. त्या युद्धात जखमींना उचलून नेण्यासाठी गांधीजींनी तिथल्या हिंदी लोकांचं पथक उभारलं होतं.

याच मुळाचे दोन शब्द इंग्रजीत बसले आहेत. एक 'बूअर', म्हणजे अडाणी, असभ्य माणूस. दुसरा 'नेबर', शेजारी: 'ने' म्हणजे जवळ, 'बर' म्हणजे राहणारा, कसणारा. शेतकऱ्याच्या नावापासून एकाने शिवी बनवली आणि दुसऱ्याने शेजारी. यातलं पहिलं आपल्याकडे 'गावठी' या शब्दाचं झालंच आहे.

नदीतला बोर आपल्याकडे दिसतो का?

खानदेशात नाही. समुद्राची मोठी भरती अरुंद होत जाणाऱ्या मुखात शिरली की पाण्याची भिंत नदीच्या उलट दिशेने धावते. बंगालमध्ये हुगळीवर हे होतं, तिकडे त्याला 'बान' म्हणतात. चीनमधली छिएनथांग नदी त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. आपली तापी ज्या खंबातच्या आखाताजवळ समुद्राला मिळते तिथली भरतीही देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, पण भुसावळच्या पुलावर उभं राहून तिची वाट पाहू नका. शब्द बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'बारा' म्हणजे लाट यावरून आला. भोकाशी त्याचं नातं नाही.

नील्स बोर, बोरॉन, बोर्डो, रानडुकराचा बोअर, हेही त्यातलेच?

एकही नाही. नील्स बोर हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ, १९१३ मध्ये त्यांनी अणूचं प्रारूप मांडलं, १९२२ चं नोबेल मिळालं. ते आडनाव आहे. बोरॉन आलं बोरॅक्सवरून, म्हणजे आपला टाकणखार, आणि तो शब्द अरबी-फारशीतून युरोपात गेला. कपाशीवर बोरॉन फवारताना तो बोरमधून काढलाय का, असं विचारणारे भेटले आहेत. बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुन्याचं, हे फ्रान्समधल्या बोर्डो गावाचं. रानडुक्कर म्हणजे 'बोअर' हा जुना इंग्रजी शब्द स्वतंत्र आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मका लावणाऱ्याला त्याचं स्पेलिंग विचारू नका, वेगळंच काहीतरी ऐकायला मिळेल.

खोडकिड्याला मात्र इंग्रजीत 'स्टेम बोरर' म्हणतात तो पहिल्याच घरचा: खोड पोखरणारा.

'बोर' लिहायचं की 'बोअर'?

इंग्रजी उच्चारात शेवटचा 'र' जवळजवळ विरतो, म्हणून जुन्या लोकांनी 'बोअर' लिहिलं. बोलताना सगळे 'बोर' म्हणतात. मी शेती आणि कंटाळा 'बोर', युद्ध आणि शेळी 'बोअर' असं लिहितो. नियम नाही, सवय आहे.

तुमच्या बोरला शेवटी पाणी लागलं का?

लागलं. १७२ फुटांवर, दीड इंच. कापसाला पुरतं, केळीला नाही.